मेहुण्याचा प्रश्न: सहा टक्के की नफ्यातला वाटा?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तिघांचा ट्रॉलर. गणपतीनंतर मेहुणा भागीदारीतून बाहेर पडला. हिशेब झाला नाही, आणि उरलेले दोघे तीच बोट घेऊन समुद्रात जातायत. अशा वेळी 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 37 निवड देतं: आपल्या हिश्श्यावर वर्षाला सहा टक्के व्याज, किंवा त्या हिश्श्याच्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा. करारात वेगळं ठरलं असेल तर मात्र तेच चालतं. आधी तो कागद शोधा.

पैसा: आठ लाखांच्या हिश्श्याला व्याज वर्षाला 48,000. जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही ते चालूच. नफा मासळीवर.

पुरावा: खरी गोम इथे. व्याजाला हिश्श्याची किंमत ठरली की पुरे. नफ्याला डिझेलची बिलं, बर्फ, खलाशांचा वाटा, लिलावाच्या चिठ्ठ्या, सगळं लागतं; आणि त्या वह्या त्या दोघांच्याच कपाटात! शिवाय त्यांच्या मेहनतीची कमाई वजा होते ती वेगळीच.

कटकट: व्याजात कमी.

वह्या हाताशी आणि हंगाम जोरात असेल तर नफा मागा. मेहुण्याकडे एक डायरी आहे, तीही भिजलेली. त्याने व्याजच घ्यावं.