ब्रॅन्सनजवळ टेबल रॉक तळ्याकाठी आरव्हीतला मुक्काम, सासू-सासऱ्यांसह

आर्कान्सातल्या बेंटनव्हिलमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांकडे उन्हाळ्यात आई-वडील आले की फिरवायची यादी ठरलेली असते. क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम, युरेका स्प्रिंग्स आणि मग मिझुरीतलं ब्रॅन्सन. ब्रॅन्सनला बहुतेक मंडळी हायवे 76 वरच्या हॉटेलात उतरतात, दोन शो बघतात, ट्रॅफिकला शिव्या घालतात आणि परत येतात. आम्ही यंदा जूनच्या सुरुवातीला टेबल रॉक तळ्याकाठच्या एका खासगी आरव्ही कॅम्पग्राउंडवर राहिलो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, झोपण्या-रांधण्याची आणि संडासची सोय असलेली गाडी. भाड्याची 25 फुटी आरव्ही, सत्तरीतले सासू-सासरे, तिसरीतला लेक आणि आम्ही दोघं. कॅम्पग्राउंडचं नाव देत नाही. त्या काठावर अशी बरीच आहेत आणि घडण साधारण सारखीच.

तेव्हापासून "वयस्कर माणसांना जमतं का गं?" हे इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच नीट लिहून टाकते. जमतं. पण साइटवर, म्हणजे गाडी लावायला मिळालेल्या जागेवर, सांडपाण्याचा हुकअप (टाक्या रिकाम्या करायची जोडणी) हवा आणि सोबत एक कार हवी. या दोन गोष्टी असतील तर बाकीचं निभावतं, नसतील तर सरळ हॉटेल घ्या.

कारचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. आरव्ही एकदा साइटवर लावली, वीज-पाणी-सांडपाणी जोडलं, की ती हलवायची म्हणजे अर्धा तास मोडतो. दुधाची पिशवी संपली म्हणून घर उचलून दुकानात कोण नेणार? म्हणून नवरा आरव्ही घेऊन पुढे, शेजारी अण्णा, म्हणजे सासरे, नकाशा सांभाळायला, आणि मी आईंना (सासूबाईंना) आणि लेकाला घेऊन कारने मागे. युरेका स्प्रिंग्सवरून जाणारा हायवे 62 दिसायला देखणा आहे, पण नुसती वळणं. पहिल्यांदाच एवढी गाडी हाकणाऱ्याने तिथे घाई करू नये. ओट्यावरचं सगळं कपाटात आणि कपाटांना कड्या, हे निघण्यापूर्वीच.

आता सांडपाणी. हा विषय कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आरव्हीला तळाशी दोन टाक्या असतात. बेसिन आणि शॉवरचं पाणी ग्रे टँकमध्ये, संडासचं ब्लॅक टँकमध्ये. आमच्या गाडीत दोन्ही 30 गॅलनच्या आसपास होत्या. टॉयलेट पेपरवाल्या कुटुंबाला ब्लॅक टँक बरेच दिवस पुरतो. आपल्याकडे प्रत्येक फेरीला मगभर पाणी जातं, तेव्हा पाच माणसांत ती दोन दिवसांत दोन तृतीयांश भरते. साइटवर हुकअप नसेल तर प्रत्येक वेळी गाडीच्या जोडण्या सोडून डम्प स्टेशनच्या, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या सामायिक जागेच्या, रांगेत उभं राहायचं. हुकअप असेल तर काम दहा मिनिटांचं.

ते काम आमच्याकडे माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याने नळीकडे बघूनच तोंड फिरवलं. रबरी हातमोजे, जाड नळीचं एक टोक गाडीला, दुसरं जमिनीतल्या पाइपात, दोन्हीकडची पकड फिरवून पक्की. आधी ब्लॅकची खिट्टी ओढायची, घळघळ थांबेपर्यंत थांबायचं. ती बंद करून मग ग्रेची ओढायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. ग्रेची खिट्टी एरवी उघडी राहिली तरी चालते, ब्लॅकची नाही. ती उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ऐवज तळाशी साचून राहतो, मग भाडेवाली कंपनी साफसफाईचे वेगळे पैसे लावते. आईंनी सगळा कारभार खुर्चीत बसून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं शिकून अमेरिकेत आलीस ते हे करायला?" मग संध्याकाळी स्वतःच शेजारणीला खुणांनी समजावून सांगत होत्या की कुठली खिट्टी आधी.

विजेचा हिशेबही घरासारखा नाही. खांबावर 30 आणि 50 अँपिअरचे सॉकेट असतात, पण आमच्यासारख्या लहान भाड्याच्या गाड्या 30 वरच चालतात. म्हणजे 120 व्होल्टला एकूण 3,600 वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शनची शेगडी एकाच वेळी लावली की फट्कन अंधार. मिझुरीतला जून म्हणजे दुपारी दमट उकाडा, त्यामुळे एसी बंद करणं शक्य नाही, आणि आत फोडणी टाकली की धुराचा अलार्म सगळ्या रांगेला कळवतो की इथे मोहरी तडतडली. उपाय एकच. गॅसची शेगडी बाहेर टेबलावर आणि स्वयंपाक उघड्यावर. पिठलं, भात, काकडीची कोशिंबीर, आणि रात्री फायर रिंगच्या (शेकोटीच्या लोखंडी कड्याच्या) जाळीवर कणसं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा दोन साइट पलीकडचे गृहस्थ उठून बघायला आले, सगळं ठीक आहे ना म्हणून.

तेच गृहस्थ आणि त्यांची बायको पुढे आमचे खरे आधार झाले. आयोवाचे निवृत्त जोडपे, घर विकून वर्षभर ट्रेलरमध्येच राहतात. आमची साइट उताराची होती. खडीचा पट्टा दिसायला सपाट, पण गाडी एका अंगावर कलंडलेली. आरव्हीतला गॅसवर चालणारा फ्रीज तिरका राहिला तर नीट गार होत नाही, हे त्यांनी सांगितलं, चाकाखाली घालायचे ठोकळेही दिले. संध्याकाळी सगळी रांग खुर्च्या बाहेर काढून बसते, येणारे-जाणारे थांबून बोलतात, मुलं सायकली घेऊन गायब, कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना माहीत. चाळीचा व्हरांडाच तो, फक्त चाकांवर. हॉटेलात आई-अण्णा टीव्हीसमोर बसून "आता काय करायचं?" विचारत बसले असते. इथे मलाच त्यांना जेवायला हाका माराव्या लागल्या.

तळं मात्र खरंच सुंदर. पाणी हिरवट-निळं आणि उथळ भागात तळ दिसण्याइतकं स्वच्छ. काठ सगळा दगडगोट्यांचा, अनवाणी जायची सोय नाही, पाण्यात चालतील असे बूट घ्याच. वाळूच हवी असेल तर धरणाजवळच्या मूनशाइन बीचवर जा. पोहायचं ते टेबल रॉकमध्येच. धरणाच्या खालचं टेनिकोमो तळं दिसतं शांत, पण धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी भर उन्हाळ्यातही बर्फगार असतं. म्हणूनच तिथे ट्राउट मासा जगतो, आणि धरणाच्या पायथ्याशी सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे फुकटात फिरता येतं, लेक तिथून हलायला तयार नव्हता.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य कोयनेच्या परिसरात गेलेलं. त्यामुळे शो वगैरे राहिलं बाजूला, सकाळ झाली की "धरण". टेबल रॉक धरण व्हाइट नदीवर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागाने, बांधलं, 1954 ला सुरू करून 1958 ला पुरं केलं. पायथ्यापासून 252 फूट उंच आणि लांबी 6,423 फूट. मधे काँक्रीट, दोन्ही अंगांना मातीचा बांध. शेजारच्या ड्यूई शॉर्ट व्हिजिटर सेंटरमध्ये प्रवेश फुकट. तिथल्या तक्त्यांसमोर अण्णा हात मागे बांधून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे उभे. सांडव्याचे दरवाजे मोजले, दहा. नंतर बांधलेला जादा सांडवा कशासाठी, ते नवऱ्याला समजावलं. मग वीजनिर्मितीचा आकडा वाचला, 200 मेगावॉट. एवढा वेळ दाबून ठेवलेलं वाक्य तेव्हा बाहेर आलं, "आमच्या कोयनेचे सगळे टप्पे धरले तर 1,960." तिथल्या स्वयंसेवक आजोबांना हे मी इंग्रजीत सांगावं असा त्यांचा आग्रह. सांगितलं. पाणी डोंगर पोखरून पलीकडे कोकणात उतरवतात हे ऐकल्यावर ते आजोबा कागद-पेन घेऊन आले, आणि आमचं दुपारचं जेवण तीन वाजता झालं.

तळ्याची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 915 फूट. पण हे पूरनियंत्रणाचं धरण असल्याने पावसाळी वसंतात पाणी चढतं आणि काठच्या सगळ्यात खालच्या साइट ओल्या होऊ शकतात. तेव्हा "अगदी पाण्याला लागून" असं लिहिलेल्या साइटला भुलण्याआधी ऑफिसला फोन करून यंदाची पातळी विचारा. त्या रांगेचे पैसेही जास्त, आणि सावली कमी. ओक आणि सीडरच्या झाडांखालची वरची रांग मला जास्त आवडली.

आता तक्रारी. आमच्या कॅम्पग्राउंडवरचं सार्वजनिक बाथरूम कळकट होतं, शॉवरला गरम पाणी जेमतेम. गाडीतला गीझर 6 गॅलनचा, म्हणजे 22-23 लिटर. एकाची अंघोळ झाली की दुसऱ्याने वाट बघायची. आईंनी बादली मागितली आणि प्रश्न सोडवला. रात्री दहानंतर शांतता असा नियम फलकावर होता, पण शनिवारी समोरच्या गटाला तो कुणी वाचून दाखवला नाही. ऑफिसचा फोन उचलला गेला नाही. सोमवार ते गुरुवार तीच जागा स्वर्ग असते, हे आयोवाच्या काकांचं मत, आणि रविवारी दुपारी रांग रिकामी झाली तेव्हा मला पटलं.

गोचिड्यांचा विषय गंमतीत घेऊ नका. ओझार्कच्या (या डोंगराळ भागाचं नाव) रानात जूनमध्ये लोन स्टार जातीच्या गोचिड्या भरपूर असतात. त्या चावल्यावर काही लोकांना मटणा-बीफची अ‍ॅलर्जी होते. गवतात चालून आल्यावर घोटे, गुडघ्यामागे, कमरेपाशी रोज बघायचं, लेकाचं आणि म्हाताऱ्यांचंही. अण्णांच्या पायजम्यावर एक सापडली. डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेला स्प्रे आणि फिक्या रंगाचे लांब कपडे, याला पर्याय नाही. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, तिथेच घ्या. अ‍ॅश झाडं पोखरणारा किडा असाच लाकडातून पसरतो.

एका रात्री वादळ आलं. फोनवर इशारा वाजला तेव्हा पत्र्यावर नुसता पाऊस होता, पण आयोवाच्या काकूंनी दार ठोठावून सांगितलं की आरव्हीत बसायचं नाही. कळकट म्हणून नावं ठेवलेलं तेच काँक्रीटचं बाथरूम इथलं वादळाचं आसरा-ठिकाण. तासभर पंचवीसेक माणसं, चार कुत्री आणि आईंचा चिवड्याचा डबा असे तिथे होतो. या तळ्यावर वादळाची चेष्टा कुणी करत नाही. 19 जुलै 2018 ला अशाच वादळात पर्यटकांची डक बोट (जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी गाडी) बुडून 17 जण गेले होते. साइटवर पोचलात की पहिल्यांदा विचारा, आसरा कुठे आणि रात्री तो उघडा असतो का.

ब्रॅन्सन गावाबद्दल थोडक्यात. हायवे 76 वर बर्फाच्या कड्याला टेकलेलं अर्धं टायटॅनिक, म्हणजे त्या जहाजाच्या आकाराचं संग्रहालय, उभं आहे, ते रस्त्यावरून बघितलं तरी पुरे. सिल्व्हर डॉलर सिटी मात्र पूर्ण दिवस देऊन बघावी. 1960 ला मार्व्हल केव्ह या गुहेच्या वर ती सुरू झाली, गुहा अजून बघता येते, पण आत शेकडो पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी वरच लोहाराचं आणि काचेचं काम बघत बसावं. शाकाहारी जेवण गावात शोधणं म्हणजे वैताग. म्हणून तर बाहेरची शेगडी.

पैशांचं म्हणाल तर स्वस्त अजिबात नाही. साइट रात्रीला 70 डॉलरच्या घरात, गाडीचं भाडं त्याच्या अडीचपट, वर मैलांचे आणि विम्याचे वेगळे, आणि आरव्ही पेट्रोल पिते. दोन हॉटेलच्या खोल्या याच पैशात आल्या असत्या. स्वस्तात हवं असेल तर कोअर ऑफ इंजिनिअर्सची कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्हवर बघा. जागा जास्त छान आणि भाडं कमी, पण बहुतेक साइटना वीज असते, सांडपाण्याचा हुकअप नसतो. टेबल रॉक स्टेट पार्कमध्ये प्रवेश फुकट आहे आणि काही साइटना पूर्ण हुकअप मिळतो, फक्त त्या फार आधी भरतात. आम्ही ऑक्टोबरसाठी तिथलीच शोधतोय, सोमवार ते गुरुवार, वरच्या रांगेतली. कुणी रद्द करणार असेल तर आधी मला कळवा. आणि हातमोजे जोडीने नाही, खोक्याने घ्या.