लाकडी दस्त्याऐवजी सिंथेटिक: सोलापूरच्या हवेत कोणता पर्याय परवडतो?

रायफलीचा लाकडी दस्ता मुठीपाशी तडकला किंवा वर्षानुवर्षे मुरलेल्या तेलाने मऊ पडला, की मालकापुढे तीन वाटा असतात: आहे ते लाकूड दुरुस्त करून घ्यावे, साच्यात ओतलेला स्वस्त प्लास्टिकचा दस्ता बसवावा, किंवा थोडे अधिक पैसे घालून आत ॲल्युमिनियमचा ठोकळा असलेला सिंथेटिक दस्ता मागवावा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार बंद आहे. त्यामुळे ‘शिकारी रायफल’ ही आता केवळ घडणीची ओळख उरली असून पुढचा विचार रेंजवरच्या नेमबाजीपुरताच आहे.

सिंथेटिक दस्त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो तो हा, की तो पाण्याने फुगत नाही. जिथे दिवसचे दिवस पावसात आणि बर्फात हिंडायचे असते तिथे हा गुण मोलाचा आहे. पर्जन्यछायेतल्या सोलापुरात मात्र खरा प्रश्न ओलीचा नसून कोरड्या उष्णतेचा आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा लाकूड आकसते आणि पेच सैल पडतात, हे खरे. परंतु साधे प्लास्टिकही त्या उन्हात, विशेषतः बंद गाडीत ठेवल्यास, अधिक लवचीक होते आणि पेचाच्या कायमच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते. म्हणून इथे निवड करताना जलरोधकतेपेक्षा ताठपणाला आणि ॲक्शनच्या, म्हणजे गोळी भरून डागणाऱ्या यंत्रणेच्या, बैठकीला अधिक वजन द्यावे, असे माझे मत आहे.

रायफल भारतीय आयुध निर्माणीची .३१५ बोअरची असेल तर प्रश्न वेगळाच होतो. तिची घडण ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वळणाची असल्याने दस्ता दोन तुकड्यांचा असतो: खांद्याला लागणारा मागचा भाग आणि नळीखालचा पुढचा भाग. ली-एनफिल्डसाठी प्लास्टिकचे दस्ते परदेशात निघालेले आहेत, पण ते लष्करी रायफलीच्या मापाचे असल्यामुळे .३१५ च्या नळीला त्यांची खोबण जशीच्या तशी जुळेल असे गृहीत धरू नये. शिवाय जुन्या एसएमएलई (ली-एनफिल्डच्या आखूड) घडणीत मागच्या दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या भागातल्या एका लहान पट्टीत अडकलेले असते. पुढचा भाग आधी न काढता तो बोल्ट फिरवला, तर ती पट्टी लाकडाला आतून फाडते, आणि अनेक जुन्या रायफलींच्या पुढच्या भागाला मागच्या टोकाशी गेलेली चीर याच घाईची खूण असते. अशी चीर इपॉक्सी आणि पितळी खिळीने उत्तम सांधता येते. त्यामुळे .३१५ च्या मालकाने सिंथेटिकच्या नादी न लागता कसबी कारागिराकडून लाकूडच दुरुस्त करून घ्यावे. खर्च कमी येतो.

मॉझर ९८ किंवा रेमिंग्टन ७०० सारख्या एकसंध दस्त्याच्या रायफलीला मात्र निवडीला खरा वाव आहे. अमेरिकेच्या बाजारात साधे साच्यातले दस्ते साधारण १०० ते १५० डॉलरच्या आसपास सुरू होतात. ते हलके असतात, ओरखड्यांची फिकीर नसते, पण मागचा भाग पोकळ असल्याने बोट आपटले तरी रिकाम्या डब्यासारखा वाजतो, आणि पुढचा भाग पट्टा ताणल्यावर किंवा बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार दिल्यावर वाकून नळीला टेकतो. नळीला होणारा हा स्पर्श प्रत्येक गोळीला सारखा नसतो, म्हणून ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडलेला गोळ्यांचा पुंजका, पसरतो. आवाजावर फोम भरून इलाज होतो. लवचीकतेवर तितका सहज होत नाही. त्याहून अडचणीची गोष्ट ही, की पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉनला इपॉक्सी नीट धरत नाही. लाकडात किंवा हाताने थर दिलेल्या फायबरग्लासमध्ये बेडिंग करून, म्हणजे ॲक्शनखाली इपॉक्सी भरून, बैठकीतला दोष भरून काढता येतो, स्वस्त प्लास्टिकमध्ये ती सोय जवळजवळ नाही. तो जसा आला तसाच चालला पाहिजे.

त्याहून महाग अशा मधल्या वर्गात ॲल्युमिनियमचा ठोकळा असलेले दस्ते येतात. मॅगपुलचा हंटर ७०० किंवा बेल अँड कार्लसनचा मेडॅलिस्ट ही त्यांची परिचित उदाहरणे. इथे ॲक्शन प्लास्टिकवर न बसता धातूवर बसते, त्यामुळे उन्हाळ्यातही पेचांचा ताण टिकतो. हंटर ७०० ची लांबी १३ ते १५ इंचांदरम्यान पट्ट्या घालून बदलता येते, हा बुटक्या आणि उंच अशा दोघांनी एकच रायफल वापरणाऱ्या घरात खरोखर उपयोगी पडणारा गुण आहे. होगचे रबरी आवरणाचे दस्ते घामेजल्या हातातून निसटत नाहीत. पण ते घेताना फक्त पिलरवाला (पेचांभोवती धातूच्या नळ्या असलेला) आहे की पूर्ण लांबीच्या ठोकळ्याचा, हे पाहून घ्यावे, कारण दिसायला दोन्ही सारखेच असतात. बॉइड्सचे थरांच्या लाकडाचे दस्ते सिंथेटिक नाहीत, तरी त्यांचा उल्लेख टाळता येत नाही: वजनाला जड, पण ताठ, आणि बेडिंगला सोयीचे.

किंमत पाहण्याआधी माप पाहावे. ॲक्शन लहान की लांब, दोन पेचांमधले अंतर किती, मॅगझिन सुटे की आतले, नळी किती जाड, ही चार उत्तरे हाती नसताना कोणताही दस्ता मागवू नये. ब्रनोची झेडकेके ६०० ही चेक रायफल मॉझरच्या कुळातली असली तरी मॉझर ९८ चा दस्ता तिला थेट बसत नाही. दस्ता आल्यावर नळी आणि पुढच्या भागाच्या फटीतून शंभराची नोट ॲक्शनपर्यंत सरकवून पाहावी, आणि मग पुढचा भाग हाताने नळीकडे दाबून तीच नोट पुन्हा सरकवावी. दुसऱ्या खेपेला ती अडकली, तर दस्ता लवचीक आहे.

परदेशातून परस्पर मागवण्याचा मोह मात्र टाळावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. त्यामुळे शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडे आधी लेखी विचारणा करावी, आणि खरेदी तसेच जोडणी परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावी. वाहतूक आणि सीमाशुल्क धरले की स्वस्त आणि मधल्या वर्गातला फरक एकूण खर्चाच्या मानाने बराच आकसतो. एवढी यातायात करायचीच असेल, तर ती ठोकळा असलेल्या दस्त्यासाठी करावी. नवा दस्ता बसवल्यावर नेम नव्याने जुळवावा, पहिल्या काही फैरींनंतर पेच पुन्हा तपासावेत आणि जुना लाकडी दस्ता सुस्थितीत असेल तर तो मोडीत न काढता सावलीत जपून ठेवावा, कारण जुन्या रायफलीची किंमत मूळ लाकडासह अधिक येते.