साधा पेट्रोल जनरेटर की इन्व्हर्टर जनरेटर?

मुंबईत वीज क्वचितच जाते. तरीही 12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिड कोलमडून शहर ठप्प झाले, तो दिवस आठवणाऱ्यांना घरी जनरेटर ठेवणे ही चैन वाटत नाही.

साध्या, उघड्या चौकटीच्या जनरेटरचे इंजिन घरच्या विजेची 50 हर्ट्झ ही वारंवारता राखण्यासाठी, भार असो वा नसो, सहसा मिनिटाला 3000 फेरे घेत राहते. इन्व्हर्टर जनरेटर मात्र तयार झालेली वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) आणि मग पुन्हा स्थिर एसी (दिशा बदलत राहणारी, घरात येते तशी) करतो, त्यामुळे भार कमी असताना इंजिनाचा वेग उतरतो, पेट्रोल वाचते आणि शेजाऱ्यांची झोपही. बंगल्यात किंवा बैठ्या घरात फ्रीज, पंखे व लॅपटॉप एवढेच चालवायचे असेल, तर किंमत जास्त असूनही मी इन्व्हर्टर जनरेटरच निवडेन.

बांधकामाच्या साइटवर हिशेब उलटतो. पाण्याचा पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो, आणि 5 केव्हीए (किलोव्होल्ट-अँपिअर, कागदावरची क्षमता) लिहिलेला जनरेटर संच 0.8 पॉवर फॅक्टरला, म्हणजे त्यातला 0.8 वाटाच प्रत्यक्ष कामी येत असेल तर, 4 किलोवॉटच देतो. म्हणून तिथे मोठ्या क्षमतेचा साधा संच परवडतो. धूळ, ओल आणि धसमुसळी हाताळणी तो सोसतो, शिवाय त्याची दुरुस्तीही सोपी असते. इन्व्हर्टर जनरेटरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड जळले तर खर्च जबर.

फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र दोन्ही नकोत, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) हवाच, नाहीतर जनरेटरमधून बाहेरच्या लाइनवर उलटी गेलेली वीज लाइनमनच्या जिवावर बेतते.