मोडीची मजुरी आणि पेपॅल

परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायला पेपॅल ही इंटरनेटवरून पैसे पाठवायची सेवा बरी का, असं मोडी वाचणाऱ्या आमच्या मंडळींत कोणी ना कोणी विचारतंच. माझं उत्तर हो. दर चढा आहे, तरीही हो.

मी बडोद्याला, दांडिया बाजारात राहते. गायकवाडी अमदानीतली इनामपत्रं, वाटणीपत्रं, घरगुती पत्रं असे मोडी कागद वाचून त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करून देते. ज्यांच्या पणजोबांचे हे कागद, ती नातवंडं-पतवंडं आज न्यू जर्सीत नाहीतर मेलबर्नला. फोटो ईमेलने येतात, मी एक पान नमुन्यादाखल वाचून पाठवते, पसंत पडलं की बिल. त्यांनी मला पाहिलेलं नसतं, मी त्यांना नाही. पेपॅलवर ते कार्डाने पैसे भरतात. त्यांच्या कार्डाचा नंबर मला दिसत नाही, माझ्या बँक खात्याचा त्यांना दिसत नाही. अनोळखी माणसांच्या व्यवहारात याची किंमत फार मोठी आहे.

खातं उघडताना बँक खातं आपलंच आहे हे पटवावं लागतं. त्यासाठी कंपनी त्यात दोन चिल्लर रकमा टाकते. माझ्या पासबुकात पेन्शनच्या नोंदीखाली रुपया आणि वर काही पैसे अशा दोन ओळी छापून आल्या. ते आकडे पैशापर्यंत बरोबर साइटवर भरायचे. पासबुक ज्याच्या हातात, त्यालाच ते ठाऊक असणार! ही युक्ती कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली आणि ती सुचली संजय भार्गव या आपल्या भारतीय माणसाला. हे कळल्यावर मी त्या काळाबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि या कंपनीबद्दलचं माझं मत त्या वाचनातूनच पक्कं झालं.

मॅक्स लेवचिन, पीटर थील आणि ल्यूक नोसेक यांनी 1998च्या डिसेंबरात जी कंपनी काढली, तिचा ईमेलने पैसे पाठवण्याशी संबंध नव्हता. हातात मावणाऱ्या छोट्या संगणकांसाठी सुरक्षेचं सॉफ्टवेअर करायचं, एवढाच बेत. कंपनीचं नाव पुढे कॉन्फिनिटी झालं. पाम पायलट नावाचं असंच एक हातातलं यंत्र तेव्हा जोरात होतं. 1999च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या वुडसाइड गावी एका हॉटेलात पत्रकारांसमोर 30 लाख डॉलरची गुंतवणूक एका पाम पायलटवरून दुसऱ्यावर इन्फ्रारेड किरणांनी पाठवून दाखवली. पण अशी यंत्रं दोघांच्याही खिशात असणार किती जणांच्या? ईमेलने पैसे पाठवायची सोय त्यांनी जोडीला म्हणून केली होती, आणि ईबे या लिलावाच्या साइटवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी तीच उचलून धरली. चेक टपालाने येऊन वटेपर्यंत थांबणारी ती माणसं. मला ती फार जवळची वाटतात.

पुढे इलॉन मस्कच्या एक्स डॉट कॉम या ऑनलाइन बँकिंग कंपनीशी चुरस लागली. नवं खातं उघडणाऱ्याला 10 डॉलर, त्याला आणणाऱ्यालाही 10, असे पैसे वाटले गेले. 2000च्या मार्चमध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि 2001मध्ये पेपॅल हेच कंपनीचं नाव ठरलं.

माझ्या लेखी खरी लढाई याच काळातली. चोरीच्या कार्डांवरून खाती उघडून टोळ्या महिन्याला लाखो डॉलर लुबाडत होत्या. मग लेवचिन आणि डेव्हिड गॉसबेक यांनी वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी चाचणी बसवली: माणसाला वाचता यावी, यंत्राला नाही. संशयास्पद व्यवहार हेरणारी यंत्रणा उभी केली. त्या वर्षांत कंपनी तगली ती यामुळे. 2002च्या फेब्रुवारीत शेअर 13 डॉलरने बाजारात आला आणि त्याच वर्षी ईबेने सुमारे 150 कोटी डॉलरला कंपनी घेतली. मी जी फी भरते ती या राखणदारीची, असं मी मानते.

आता फीचा हिशेब. माझ्या खात्याला 4.4 टक्के आणि वर 30 सेंट असा दर आहे. म्हणजे 100 डॉलरच्या बिलातले 4.70 डॉलर गेले. डॉलरचे रुपये करताना भावातही थोडं कापलं जातं. म्हणून बिल करतानाच हे धरून चाला. नेहमीचं, ओळखीचं गिऱ्हाईक असेल आणि रक्कम मोठी असेल, तर सरळ बँकेत मागवा. मात्र बँकेत जाताना कागदपत्रं चोख न्या. एका बँकेत माझे पैसे नुसत्या पर्पज कोडवरून, म्हणजे परदेशातून पैसे कशाबद्दल आले हे सांगणाऱ्या संकेतावरून, अडकून पडले होते आणि काउंटरवर कोणालाच धड सांगता येईना.

पेपॅलवर पॅन आणि पर्पज कोड सुरुवातीलाच भरून टाकायचा. आपल्याकडच्या नियमांमुळे पैसे तिथे साठवता येत नाहीत, ते आपोआप बँकेत येतात. मला हे सोयीचंच वाटतं. देशातल्या देशात मात्र याचा उपयोग नाही, 1 एप्रिल 2021पासून ती सेवा बंद आहे. पुण्या-इंदूरच्या गिऱ्हाइकांना मी यूपीआयच सांगते.

आणि एक सांभाळा. पैसे भरणाऱ्याला 180 दिवसांपर्यंत तक्रार करता येते. आपण ईमेलने पाठवलेलं काम टपालाच्या पावतीने सिद्ध करता येत नाही. त्यामुळे नमुन्याचं पान, त्यावरची त्यांची पसंती आणि पूर्ण लिप्यंतर पोचल्याचं त्यांचं उत्तर, ही तिन्ही मी प्रत्येक बिलाच्या नंबराखाली जपून ठेवते.