पहिलं क्रोशाचं खेळणं: डोरेमॉन की पिकाचू?

साखळी, मुका खांब, खांब हे टाके हाताला बसले, एखादं तोरण किंवा रुमाल विणून झाला, की घरातल्या मुलांची फर्माईश येते ती कार्टूनची. बहुतेकदा डोरेमॉनची, नाहीतर पिकाचूची. दोघांचे नमुने भरपूर मिळतात आणि दोन्हींवर ‘नवशिक्यांसाठी सोपं’ असा शिक्का असतो. पण दोघांना लागणारं कसब वेगळं आहे. पहिलंच खेळणं असेल, तर माझा कौल डोरेमॉनला. पिकाचू काही बाबतींत त्याच्याहून बरा ठरतो, तेही सांगते.

पाया दोघांचा एकच. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोरा ओढून घट्ट करता येणाऱ्या सुरुवातीच्या फासात, सहा मुके खांब, पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे बारा, मग अठरा, चोवीस, असे दर फेरीला सहा वाढवायचे. हवा तेवढा घेर आला की काही फेऱ्या न वाढवता विणायच्या आणि मग त्याच हिशोबानं घटवत यायचं, की चेंडू तयार. नमुना अमेरिकन असेल तर मुक्या खांबाला ‘सिंगल क्रोशे’ लिहिलेलं असतं, ब्रिटिश असेल तर त्याच टाक्याला ‘डबल क्रोशे’. हे आधी पाहून घ्या. चुकून उंच खांब घातले तर वीण विरळ होते आणि आतला कापूस बाहेर डोकावतो.

डोरेमॉन म्हणजे चेंडूच चेंडू. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ साली काढलेल्या या रोबो-मांजराचे कान उंदरानं कुरतडले, आणि विणणाऱ्याचं मोठं काम वाचलं! डोकं हा मोठा चेंडू, अंग त्याहून लहान, पंजे पांढरे गोळे, नाक आणि शेपटीचं टोक लाल गोळ्या. डोकं अंगाला जोडणं हे कुठल्याही खेळण्यातलं सर्वांत नाजूक काम. इथे ती शिवण लाल पट्ट्याखाली पूर्ण झाकली जाते. नवशिक्या हातांना एवढी सवलत दुसरं फारसं कुठलं पात्र देत नाही.

त्याचा त्रास रंगांचा आहे. निळा, पांढरा, लाल, पिवळा आणि डोळे-मिशांना काळा. चेहरा पांढरा करायला दोन वाटा आहेत. फेरीच्या मध्येच दोरा बदलायचा, किंवा पांढरी चकती वेगळी विणून डोक्यावर शिवायची. गोल फिरत विणताना टाके दर फेरीला किंचित एका बाजूला सरकतात, त्यामुळे दोरा बदलून केलेली कड तिरकी होते. शिवाय मागून नेलेला निळा दोरा पांढऱ्यातून दिसतो. चकतीच बरी. पोटासाठीही तेच करा, म्हणजे अर्धगोल खिसा तिच्यावर नीट बसतो.

पिकाचूचं उलट आहे. १९९६च्या पोकेमॉन गेममधून आलेला, अत्सुको निशिदा यांनी रेखाटलेला हा प्राणी जवळजवळ पूर्ण पिवळा. डोकं आणि अंग दोरा न तोडता सलग विणता येतं, शिवणकाम कमी. गालांच्या दोन लाल चकत्या, पाठीवर दोन तपकिरी पट्टे, तेही वरून सुईनं भरले तरी चालतात. इथवर तो डोरेमॉनहून सोपा आहे.

मग कान येतात. लांब, टोकाला काळे, आणि दोन्ही एकसारखे उभे राहायला हवेत. एक जरी दोन टाके खाली शिवला गेला तरी चेहरा वाकडा वाटतो. आणि शेपटी! विजेसारखी नागमोडी, चपटी. ती गोल फेऱ्यांत येत नाही, ओळींनी जा-ये करत कडेला टाके वाढवत-घटवत विणावी लागते. दोन सारखे तुकडे विणून मध्ये जाड फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं ताठ कापड, घालून शिवले तर ती ताठ राहते. तार घालायचा सल्ला मिळतो, पण लहान मुलाच्या खेळण्यात तार अजिबात नको. शेपटीचं टोक काळं करू नका. पुष्कळांना ते तसं आठवतं, पण ते पिवळंच असतं, तपकिरी रंग असतो तो शेपटीच्या बुडाशी. पोकेमॉनवेडं मूल ही चूक पहिल्याच नजरेत पकडतं.

चेहऱ्याचा विचार केला तर डोरेमॉन पुन्हा पुढे. त्याचे डोळे एकमेकांना चिकटलेले, खाली लगेच नाक, नाकापासून सरळ रेघ, दोन्हीकडे तीन-तीन मिशा. एकाची जागा ठरली की बाकीच्यांची आपोआप ठरते. पिकाचूचे डोळे एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे अंतर नजरेनंच जोखावं लागतं. आधी टाचण्या लावून, खेळणं हातभर लांब धरून पाहा, मगच शिवा.

लोकर कोणती? वर्धमान, गंगा यांची ॲक्रिलिक लोकर स्वस्त, हलकी आणि रंगांनी भरपूर. पण वापरून तिच्यावर गोळे येतात. सुती दोऱ्याचा टाका रेखीव दिसतो, बोटं मात्र लवकर दुखतात. डोरेमॉन सुती दोऱ्यात करायचा तर लाल दोऱ्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहा. रंग सुटला तर पहिल्याच धुण्यात पांढरं पोट गुलाबी. मखमली लोकरीत पिकाचू फार गोंडस दिसतो, पण तिच्यात टाका दिसतच नाही, बोटांनी चाचपून मोजावा लागतो. पहिल्या खेळण्याला ती नको. फोर-प्लाय (चार पदरी) लोकर आणि अडीच मिलिमीटरची सुई घ्या, वीण घट्ट ठेवा. आत पॉलिएस्टरचं फायबर भरा. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि पावसाळ्यात आतून वाळत नाही.

तीन वर्षांखालच्या बाळासाठी असेल, तर माझा कौल बदलतो. डोरेमॉनचं नाक, घंटा, शेपटीची गोळी हे सगळं तोंडात जाण्याजोगं. बाळाला पिकाचूच द्या, तोही प्लॅस्टिकच्या डोळ्यांशिवाय, डोळे काळ्या दोऱ्यानं भरून. आणि त्यासाठी पिवळ्या लोकरीचे सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याचा पिवळा थोडा जरी वेगळा निघाला तरी एकरंगी अंगावर तो फरक लपत नाही.