ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: बरेच महिने वापरल्यावर

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं, तापमान मोजणारा सेन्सर बदलून झाला, त्याचे पैसे देऊन झाले आणि आठवड्याच्या आत चेक इंजिनचा दिवा परत लागला. गॅरेजवाले म्हणाले, "नवाच खराब निघाला असेल, दुसरा टाकून बघू." पैसे माझे जाणार असल्यामुळे बघायला त्यांची काहीच हरकत नव्हती. त्या रागात हा ईएलएम ३२७ चिपवाला स्वस्त स्कॅनर मागवला. गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावला की तो बिघाडाचे कोड ब्लूटूथने मोबाइलच्या ॲपवर दाखवतो.

कोड निघाला पी०११८, म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. दोष सेन्सरमध्ये आहे, कपलरमध्ये (वायरच्या प्लगमध्ये) आहे, वायरमध्ये आहे की अर्थिंगमध्ये, हे कोड सांगत नाही. ते शोधायचं काम आपलं. पण याच्या लाइव्ह डेटाने कमाल केली. गाडी गरम झाल्यावर ८८ अंशांवर स्थिर असलेला ग्राफ मध्येच उणे ४० ला आपटायचा आणि लगेच वर यायचा. पाणी असं क्षणात गोठून परत तापत नाही. सर्किट तुटलं की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि त्याचा अर्थ तो 'भयंकर थंडी' असा लावतो.

बॉनेट उघडलं, मोबाइल बॅटरीवर टेकवला आणि एका हाताने हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूहळू वाकवत गेलो. कपलरपासून वीतभर मागे, क्लॅम्पजवळ बोट दाबलं की आकडा उणे ४०. बाहेरून प्लॅस्टिक धडधाकट, आत तांब्याच्या तारा तुटलेल्या. टोकं नुसती एकमेकांना टेकून होती. मल्टिमीटरची कंटिन्युइटी मात्र खुशाल बीप देत होती, कारण वायर हलत नसताना सर्किट जोडलेलंच होतं. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर हीट श्रिंक चढवलं. दिवा गेला तो गेलाच.

इथवर मी पाचपैकी पाच दिले असते. मग व्होल्टेज बघायला लागलो आणि डोकं फिरलं.

मल्टिमीटर बॅटरीवर १२.५२ दाखवतो, हा पठ्ठ्या ११.९. इंजिन चालू असताना तिकडे १४.१, इकडे १३.५. ११.९ वाचून माणूस चांगली बॅटरी भंगारात काढेल! इलेक्ट्रिकल दोष शोधायच्या यंत्राला व्होल्ट मोजता येऊ नये? चिपला यासाठी आज्ञा आहे: एटी सीव्ही आणि पुढे खरा आकडा, म्हणजे माझ्या बाबतीत टिंब न देता १२५२. मोबाइलवर आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलमधून पाठवली. 'ओके' असं उत्तर आलं. आकडा ११.९ च. बहुतेक नकली चिप असावी. विक्रेत्याला लिहिलं तर म्हणे, ॲप काढून परत टाका. यावरून आमची बरीच पत्रापत्री झाली, ती इथे देत नाही.

राग पुढे थोडा निवळला. ॲपच्या यादीत खाली 'कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज' सापडलं. हा आकडा स्कॅनर मोजत नाही, गाडीचा ईसीयू स्वतः सांगतो, आणि माझ्या मल्टिमीटरशी तो जवळपास जुळतो. उलट फायदाच झाला. बॅटरीवर १४.१ आणि ईसीयू म्हणतो १३.२, असं दिसलं तर मधल्या फ्यूजवर, रिलेवर किंवा अर्थिंगच्या बोल्टवर संशय घ्यायचा. सगळ्या गाड्या हा आकडा देत नाहीत, तुमची देते का ते आधी बघा.

बाकी किरकोळ. ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, त्यामुळे गाडी उभी असतानाही याचा लाल दिवा चालूच राहतो. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर काढून ठेवा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत याला वाचता येत नाहीत. 'क्लिअर' बटण दाबण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड पडला तेव्हा आरपीएम किती, तापमान किती, हे त्यात असतं आणि क्लिअर केलं की तेही पुसलं जातं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसतं, आणि त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो.

आता पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण व्होल्टेजचा कापला, एक त्या 'ओके'चा. ॲपवाले पैसे भरून 'प्रो' घ्या म्हणून रोज मागे लागतात. फुकटातल्या आवृत्तीत ग्राफ दिसतो, तोवर मी काही देणार नाही.