नाशिकच्या अंबड लिंक रोडवरील कार एसी गॅरेज : आधी निदान, मग दुरुस्ती

गाडीचा एसी मधूनमधून गार हवा देईनासा झाल्यावर दुसरीकडे थेट कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला होता; इथे मात्र मेकॅनिकने आधी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर जोडला, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटते. बटण दाबल्यावर इंजिनाचा ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) एसीतील गॅसचा दाब व कूलंटचे तापमान तपासून, आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो वेग) सावरून, मगच रिले या विद्युत स्विचमार्फत कॉम्प्रेसरच्या क्लचला (कॉम्प्रेसर इंजिनाला जोडणाऱ्या भागाला) वीज देतो, आणि कसारा घाटासारख्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तर ती काही क्षण तोडतोही, हे त्यांनी स्क्रीनवरचे आकडे दाखवत समजावले. बिघाड प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये निघाला. त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. त्या साफ करताच क्लचचा ‘टक्’ आवाज नियमित येऊ लागला. बसायला जागा अपुरी आहे, त्यामुळे गाडी सकाळीच सोडून जावी.